धुआँ टापूवर एक कमी

दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळाची सहल म्हणजे उदयसिंहांची सहल. उदयसिंह सैन्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यांनी सोसायटीत फ्लॅट घेतला, पण हुकूम द्यायची सवय काही सुटली नाही. मग आयतं सापडलं मंडळ. संक्रांतीला पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला, बस न्यायची आणि वर्षाआड एक लांबची सहल काढायची, हा त्यांचा कार्यक्रम. हजेरीची पद्धतही त्यांचीच. यादी वगैरे भानगड नाही. निघायच्या आधी दारात उभं राहून ते गरजायचे, "आपापली जोडी बघा! जोडी पूर्ण?" नवरा बायकोकडे बघायचा, बायको नवऱ्याकडे, आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "पूर्ण!" की निघाली गाडी. पोरंबाळं मोठी होऊन कुठे कुठे पांगलेली, त्यामुळे सहलीला यायची ती जोडपीच. इतक्या वर्षांत कोणी मागे राहिलं नव्हतं, म्हणून पद्धत बिनचूक ठरली होती.

नवरा, कौस्तुभ, होता तोवर सगळ्यांत मोठा "पूर्ण!" ममताचा असायचा. दोन वर्षांपूर्वी तो हृदयविकाराने गेला. मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या, तिच्याबरोबर रडल्या, आणि मग ज्या त्या आपापल्या संसाराला लागल्या. वाईट कोणीच वागलं नाही. फक्त ममता कुठल्याच घोळक्यात नीट बसेनाशी झाली. पुरुष क्रिकेटवर बोलत, बायका पुरुषांवर, आणि ही दोन्हीकडे हसून मान डोलवत उभी राही.

अंदमानची सहल ठरली तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं होतं. एक तर एकटी, त्यात समुद्र. साताऱ्याकडच्या गावात वाढलेली ममता, विहिरीत डोकावतानाही कोणाचा तरी हात घट्ट धरणारी. पण मुलगी ऐकेना. रसिका मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर होती, तिथेच राहायची आणि रविवारी फोन करायची. "आई, तू जा ना यार! घरी बसून काय करणार? ऑफिस, मेट्रो, घर. बिल्कुल जायचं." लेकीच्या समाधानासाठी ममताने पैसे भरले.

सोसायटीच्या फाटकावर बस लागली. "जोडी पूर्ण?" उदयसिंह गरजले. सवयीने ममताचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिने खाली वाकून बॅगेची चेन उगाच उघडून पुन्हा लावली. बस निघाली.

विमानतळावर भक्तीने सगळ्यांना ताटकळत ठेवलं. भक्ती मंडळातली सगळ्यांत नवी सून, जन्मापासून दिल्लीत वाढलेली. तिचा नवरा अंशुमन नोएडात नोकरी करणारा, स्वभावाने गरीब. संक्रांत नुकतीच झाली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तेव्हा यंदाचं हळदीकुंकू बोटीवर करायचं असं उदयसिंहांच्या पत्नीने, विजयालक्ष्मीवहिनींनी, ठरवलं होतं. सगळ्या बायकांनी काळे कपडे घालायचे, म्हणजे फोटो छान येतील. वाण आणायचं काम भक्तीकडे. तिने सदर बाजारातून पापड भाजायचे स्टीलचे चिमटे घाऊक आणले आणि सामानात टाकायचे सोडून हातातल्या पिशवीत ठेवले.

"ये क्या है, मॅडम? इतने चिमटे?" तपासणीवरचा जवान चक्रावला.

"भैया, गिफ्ट है. सारी लेडीज के लिए," भक्ती म्हणाली. वाण हा शब्द काही तिच्या तोंडात बसला नव्हता.

सगळे हसले. ममताही हसली आणि मग काचेबाहेरची विमानं बघू लागली. त्या पिशवीतलं काही आपल्यासाठी नाही हे तिला सांगायची गरज नव्हती. मागच्या वर्षीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणंच आलं नव्हतं, आणि तिनेही आजारी असल्याचं सांगून सगळ्यांची सुटका केली होती.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच बोट निघाली. खलाशी त्या बेटाला धुआँ टापू म्हणत. ममताने पर्स सीटवर ठेवली, हातातून पाण्यात पडायला नको म्हणून फोनही त्यातच ठेवला, आणि दोन्ही हातांनी दांडा धरून बसली. दुपार कलता कलता पाण्यातून डोंगर वर आला. काळाकुट्ट, वरपासून खालपर्यंत भाजल्यासारखा, आणि शेंड्यावर धुराची बारीक रेघ. सगळे फोन काढून धावले. ममताने दांडा सोडला नाही. घरची चूल कधी पेटते आणि कधी विझते हे आपल्या हातात असतं. ही चूल कोणाच्याच हातातली नव्हती.

"यहाँ कोई नहीं रहता," बोटीचा कप्तान सांगत होता. "पीछे की तरफ एक पुलिस चौकी है, उसमें भी आदमी कभी होते हैं, कभी नहीं. बाकी बस बकरियाँ हैं. किसी जमाने में कोई छोड़ गया था. एक घंटा घूमिए. भोंपू बजे तो फौरन वापस."

मोठी बोट आत पाण्यातच नांगरली आणि दोन छोट्या होड्यांनी माणसं किनाऱ्यावर सोडली. लाइफ जॅकेटं काढून होड्यांमध्येच टाकली. पायाखाली काळी वाळू, कोमट. हवेला गंधकाचा वास. मधूनच पायाखालून घुमल्यासारखा आवाज यायचा, तेव्हा बायका किंचाळून हसायच्या आणि नवऱ्यांचे दंड धरायच्या. ममता हसली नाही. तिला खरोखरची भीती वाटत होती आणि धरायला दंड नव्हता.

त्यातच तिला निकड लागली. आता हे काही गोष्टीत सांगायचं नसतं, पण पहाटेपासून बोटीत बसलेल्या बाईला ते चुकत नाही. बोटीवरचं बाथरूम इतकं हलायचं की तिने सकाळपासून दम धरला होता. बायका अशा वेळी एकट्या जात नाहीत, "कोण येतंय गं सोबत?" म्हणतात आणि दोघी-तिघी निघतात. ममताही पूर्वी तसंच म्हणायची. आज तिने आजूबाजूला पाहिलं. जो तो आपल्या जोडीदाराचा फोटो काढण्यात दंग. कशाला कोणाला मध्येच थांबवा, असं मनाशी म्हणून ती एकटीच कडेच्या काळ्या खडकांमागे गेली. जरा लांबच गेली, कारण पुरुष सगळीकडे फिरत होते.

परत निघताना पाय घसरला. लाव्ह्याच्या दोन दगडांमध्ये घोट्यापर्यंत गेला आणि अडकला. तिने ओढला, कातडं सोलवटलं, तरी निघेना. तेवढ्यात डोंगर गुरगुरला, या वेळी मोठ्याने, आणि वरून दगड गडगडत आले. लगेच भोंपू वाजला. एकदा, दोनदा, मग सारखाच.

"अहो! थांबा! मी इथे आहे!" ममता ओरडली. डोंगराच्या, भोंप्याच्या आणि होडीच्या इंजिनाच्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच नीट ऐकू आलं नाही. तिने सँडलचा पट्टा कसाबसा सोडवला, सँडल आतच टाकली आणि पाय बाहेर ओढला. लंगडत, हात टेकत ती खडकांच्या कडेला आली.

किनाऱ्यावर कोणी नव्हतं. वाळूत पावलं तेवढी उमटलेली. दुसरी होडी मोठ्या बोटीला लागली होती आणि शेवटची माणसं वर चढत होती. ममताने ओढणी काढून हलवली. ओढणी काळी, कुडता काळा, मागचा खडक काळा. संक्रांतीचा काळा पंजाबी ड्रेस, कौस्तुभनेच घेतलेला. तिला त्या कपड्याचा आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

बोट वळली. इंजिनाचा आवाज वाढला आणि बोट निघाली.

"उदयसिंहदादा! वहिनी! भक्ती!" ती पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरली आणि पाण्याच्याच भीतीने मागे आली. बोट लहान होत गेली. ममताचे दात एकमेकांवर आपटत होते, त्या उकाड्यात.

येतील, ती स्वतःला म्हणाली. आत्ता मोजतील, आणि येतील.

आणि मग तिला ते ऐकूच आल्यासारखं झालं. उदयसिंह डेकवर उभे आहेत. आपापली जोडी बघा. जोडी पूर्ण? नवरा बायकोकडे बघतोय, बायको नवऱ्याकडे. सगळे आहेत. कोणाचीच जोडी अपुरी नाही. पूर्ण!

ती वाळूत बसली.

कोणाच्या लक्षात येईल? तिने एकेक माणूस डोळ्यांसमोर आणला. पहिल्या होडीतल्यांना वाटणार दुसऱ्या होडीत असेल, दुसऱ्यांना वाटणार पहिल्या. बोटीत हळदीकुंकू सुरू होणार, आणि तिथे ती नसली तर सगळ्यांना वाटणार, शहाणी आहे, आपणहून बाजूला बसली. हॉटेलात सगळ्यांच्या खोल्या एका मजल्यावर, तिची एकटीची वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. सकाळी नाश्त्याला दिसली नाही तर झोपली असेल. फिरायला गेली असेल. रसिकाचा फोन रविवारी, आणि आज बुधवार. हे सगळं तिच्या डोक्यात अगदी सरळ मांडलं गेलं. डोंगर तर होताच, पण त्याहून जास्त भीती तिला या हिशेबाची वाटली. या जगात असं एकही माणूस नव्हतं ज्याचं आज संध्याकाळी तिच्यावाचून अडणार होतं.

डोंगराने पुन्हा धूर सोडला. मघाशी रेघ होती, आता लोट होता. राख हलकेच खांद्यावर पडू लागली. सूर्य डोंगराच्या कडेला टेकत आला होता आणि बेटाची सावली वाळूवरून पाण्याकडे सरकत होती.

आता दोनच गोष्टी करता येत होत्या. इथेच किनाऱ्यावर थांबायचं, किंवा अंधाराच्या आत मागच्या बाजूची चौकी गाठायची. थांबायचं तर कोणीतरी आपल्याला शोधायला येईल यावर विश्वास हवा. ममताने रिकाम्या समुद्राकडे पाहिलं. तिचा नव्हता विश्वास. ती उठली आणि एका पायात सँडल, दुसरा अनवाणी, अशी खडकांवरून वर चढू लागली.

दगड हलके, धारदार, पाय ठेवला की चुरमुऱ्यासारखे चुरडणारे. अनवाणी पायाला ओढणी गुंडाळली, ती लगेच फाटली. वर चढावं तसं तळपायाला चटका बसू लागला, एका फटीतून वाफ येत होती. ती हातांनी आणि गुडघ्यांनी सरकत होती, तोंडाने "स्वामी समर्थ, स्वामी समर्थ" चाललेलं, मधूनच ते सुटून नुसतं "आई गं" होई. अचानक डोक्याच्या वरच कोणीतरी शिंकलं.

तिने वर पाहिलं तर दाढीवाली तोंडं. शेळ्या. पाच-सहा पांढऱ्या-तपकिरी शेळ्या कड्यावर ओळीने उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. एकीने पुन्हा शिंकून नाक हलवलं. ममता भीतीने हसली आणि हसता हसता रडायला लागली, मोठ्याने, लाज सोडून. कौस्तुभ गेल्यावरही ती एवढ्या मोठ्याने रडली नव्हती. तेव्हा घरात माणसं होती.

त्या रडण्यातच तिला भोंपू ऐकू आला.

तिने मागे वळून पाहिलं. बोट खाली पाण्यात उभी होती. एक होडी किनाऱ्याकडे येत होती, लागलीसुद्धा, आणि तिच्यातून तिघं उतरली. एक खलाशी, एक अंशुमनसारखा दिसणारा, आणि एक काळी साडी वर खोचून इकडून तिकडे धावणारी मुलगी.

"काकू! ममताकाकू!"

"इथे! भक्ती, मी इथे आहे!" ममता ओरडली. आवाजच फुटला नाही. इतका वेळ ओरडून आणि रडून घसा बसला होता. नुसती हवा बाहेर आली. तिने दोन्ही हात हलवले. काळ्या कड्यावर काळे कपडे, आणि वर सावली. खालची तिघं वाळू धुंडाळत होती, खडकांकडे बघत होती, तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. भराभर उतरावं म्हटलं तर दुखावलेल्या पायावर भार टाकवेना. आपण थांबलो असतो तर! थोडा वेळ थांबलो असतो तर आत्ता होडीत असतो. आता ते आले, बघून गेले, की पुन्हा येणार नाहीत.

डोंगर गुरगुरला. खलाशाने अंशुमनचा दंड धरला आणि होडीकडे हात केला. अंशुमनने भक्तीला ओढलं. भक्तीने हात झटकला आणि ती वाळूत फतकल मारून बसली. तिचं ओरडणं वरपर्यंत आलं.

"मैं नहीं जाऊँगी! आपको जाना है तो जाओ! काकू इथेच आहेत!"

ममताने हाताला लागला तो दगड उचलला आणि शेळ्यांच्या दिशेने भिरकावला. मग दुसरा. मग जोर होता तेवढे सगळे. शेळ्या बिथरल्या. बँ बँ करत, दगड उधळत अख्खा कळप कड्यावरून खाली सुटला, तिच्या अगदी अंगावरून, आणि पांढरे-तपकिरी ठिपके काळ्या उतारावरून थेट वाळूत पोहोचले. खालच्या तिघांनी दचकून वर पाहिलं, शेळ्या जिथून आल्या तिथे.

"वो रही! अंशुमन, तिकडे वर! काकू, हलू नका, आम्ही येतोय!"

अंशुमनने आणि खलाशाने तिला धरून खाली आणलं. होडीत बसल्यावर भक्तीने तिला गच्च मिठी मारली. होडी हेलकावत होती. ममताला पाण्याच्या भीतीची आठवणही झाली नाही.

"तुला कसं कळलं?" तिने कुजबुजत विचारलं.

"अहो काकू, गिफ्ट उरलं ना!" भक्तीने पदराच्या टोकाने नाक पुसलं. तिच्या दुसऱ्या हातात मघापासून काहीतरी चमकत होतं. चिमटा. "मी सगळ्या लेडीजचे आणले होते. सगळ्यांना दिले आणि एक उरला. वहिनी म्हणाल्या, तो ममताचा असेल, पण तिला नसतो द्यायचा, राहू दे. मी म्हटलं का? म्हणाल्या, मग सांगते. मी म्हटलं, अच्छा, तुम्ही मग सांगा, मी आधी देऊन येते. मग वर बघितलं, खाली बघितलं, बाथरूमचं दार वाजवलं. तुमची पर्स सीटवर होती, म्हणून सगळे म्हणत होते, इथेच कुठेतरी असतील, बस खाली, फोटो काढायचाय." ती पुन्हा रडायला लागली. "कप्तान वळायला तयार नव्हते, मी रडून-भांडून बोट वळवली. काकू, का नसतो द्यायचा?"

ममताने फक्त तो चिमटा हातात घेतला. साधा, सदर बाजारातला, कडेला धार राहिलेला चिमटा.

ममता बोटीवर चढली तेव्हा विजयालक्ष्मीवहिनी पुढे आल्या, हातात हळदीकुंकवाचं ताट तसंच होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि पाण्याची बाटली उघडून ममताच्या तोंडाला लावली. मागे बेट गुरगुरत होतं आणि कप्तान ओरडत होता, "अब तो सब हैं ना? निकलूँ?"

सगळ्यांनी उदयसिंहांकडे पाहिलं. उदयसिंह डेकच्या मधोमध उभे होते. त्यांनी सवयीने छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि तो ठरलेला प्रश्न काही त्यांच्या तोंडून निघेना. पलटणीत माणूस मागे राहणं म्हणजे काय, हे त्या बोटीवर त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"रुको," ते कप्तानाला म्हणाले. मग त्यांनी एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव घेतलं, "ममता."

ममताने ओ द्यायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. सगळ्यांच्या माना, नवऱ्यांच्या, बायकांच्या, खलाशांच्यासुद्धा, गर्रकन तिला शोधायला वळल्या. त्या चेहऱ्यांवर भीती होती. तिच्या तोंडावर मघाशी होती तशीच, आणि ती तिच्यासाठी होती.

ममताने हात वर केला. हातात चिमटा होता. उदयसिंहांनी तो हात पाहिला, आणि मगच पुढचं नाव घेतलं.